तीव्र पित्ताशयदाह : शस्त्रक्रिया केव्हा करावी?

‘सूज उतरू द्या, दीड महिन्याने या,’ हा सल्ला अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. पित्ताशयाच्या नलिकेत खडा अडकला, की पित्त कोंडते, भिंतीस सूज येते आणि उजव्या बरगडीखाली तीव्र वेदना व बहुधा ज्वर सुरू होतो. अशा सुजलेल्या अवयवास हात लावू नये, ही शिकवण दीर्घकाळ चालत आली. डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्यास आरंभ केला, तेव्हा या नव्या तंत्राबाबतची सावधगिरी स्वाभाविकच होती.

परंतु सुजेचे स्वरूप ध्यानात घेतले, तर प्रतीक्षेचा तर्क लंगडा पडतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत ऊतींमध्ये मुख्यतः पाणी साचलेले असते. थर त्यामानाने सहज सुटतात. पुढे रक्तस्राव वाढतो, आणि काही आठवड्यांनी तेथे चिवट तंतूंचे जाळे तयार होते. शिवाय मधल्या काळात कित्येकांना पुन्हा झटका येतो. खडा मुख्य पित्तनलिकेत उतरल्यास कावीळ वा स्वादुपिंडदाह होऊ शकतो.

जर्मनी व स्लोव्हेनियातील ३५ रुग्णालयांत ६१८ रुग्णांवर झालेला तुलनात्मक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाखल झाल्यापासून २४ तासांत शस्त्रक्रिया झालेल्या गटात ११.८ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रतिजैविके देऊन ७ ते ४५ दिवसांनी शस्त्रक्रिया ठरविलेल्या गटात ३४.४ टक्क्यांना. रुग्णालयातील मुक्कामही सरासरी १० दिवसांवरून ५.४ दिवसांवर आला. खर्चाचा भार स्वतः उचलणाऱ्या कुटुंबास ही लहान बाब नव्हे.

७२ तास उलटले म्हणजे दार बंद झाले, असेही नाही. २०१८ च्या टोकियो मार्गदर्शक तत्त्वांनी ही काटेकोर मर्यादा सैल केली. मात्र रक्तदाब ढासळलेला, मूत्रपिंड वा श्वसन बिघडलेला रुग्ण प्रथम सावरावाच लागतो. प्रसंगी त्वचेतून नळी घालून पित्ताचा निचरा करावा लागतो. अनुभवी हात उपलब्ध नसल्यास रुग्णास वेळीच मोठ्या केंद्राकडे पाठविणे अधिक श्रेयस्कर.

कुटुंबीयांनी घरचे कार्य उरकेपर्यंत दुखणे वेदनाशामकांवर रेटू नये. वेदना पाच-सहा तासांत न थांबल्यास, किंवा ज्वर वा कावीळ दिसल्यास रुग्णालय गाठावे. आणि दुखणे नेमके कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाले, हे टिपून ठेवावे. शल्यचिकित्सकाचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.