हिंगूळ आणि पारा

वैद्यांच्या खलातला लाल हिंगूळ आणि तापमापकाच्या नळीतला चकचकीत पारा ही एकाच कुळातील भावंडे होत. हिंगुळाच्या शंभर भागांत सुमारे ८६ भाग पारा व बाकीचा गंधक असतो. या दोघांची भूगर्भात गाठ कशी पडते, हे पाहण्यासारखे आहे.

स्लोव्हेनियातील इद्रिया गावाची हकीकत घ्या. इ. स. १४९० च्या सुमारास एका बुरुडाला झऱ्यात भिजत ठेवलेल्या लाकडी भांड्यात जड, चकाकणारा द्रव सापडला, अशी तेथील आख्यायिका आहे. तो शुद्ध पारा होता. पुढे जगातील दुसऱ्या क्रमांकाची पाऱ्याची खाण तेथेच झाली. पहिला मान स्पेनमधील अल्मादेनचा.

इद्रियाचा साठा सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळी तेथील भूकवच ताणले जाऊन त्याला भेगा पडल्या व खालून उष्ण पाणी वर आले. त्यात पारा व गंधक विरघळलेले होते. वर येताना पाणी निवले, त्याची धारणशक्ती उणावली आणि खडकाच्या फटींत हिंगूळ साचला. जेथे गंधक अपुरा पडला, तेथे काळ्या पाटीच्या दगडात पाऱ्याचे मोकळे थेंब राहिले.

आता झिजेचा विचार करू. लोहमाक्षिक हवापाण्याने लवकर गंजते; हिंगूळ मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. डोंगर झिजला तरी त्याचे जड कण ओढ्याच्या वाळूत तसेच टिकतात. गंधकाने पाऱ्याला घातलेले हे कुलूपच म्हणावयाचे.

ते कुलूप माणसाने भट्टीत उघडले. हिंगूळ भाजला की गंधक धुरावाटे जातो व पाऱ्याची वाफ निवून द्रव मिळतो. परंतु सारी वाफ हाती लागत नाही. इद्रियाच्या भट्ट्यांची राखही नदीकाठी टाकली जाई. तेथील उत्पादन १९९५ मध्ये थांबले. तरीही पुराबरोबर तो पारा सोचा नदीतून ट्रिएस्टच्या आखातात जातच आहे. तेथील गाळात प्राणवायूविना जगणारे जीवाणू त्यातील काही पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो माशांत साठतो. जपानमधील मिनामाटा येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेली व्याधी याच विषाची होती. तेथे ते एका कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात आले होते.

म्हणून घरातला जुना तापमापक फुटला, तर मुलांना त्या सुंदर गोळ्यांशी खेळू देऊ नये. खिडक्या उघडाव्या, झाडू न फिरवता जाड कागदाने गोळ्या एकत्र करून झाकणाच्या बाटलीत बंद कराव्या व ती बाटली कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नये. निसर्गाने कोट्यवधी वर्षे कुलपात ठेवलेली वस्तू आहे ही. ती आपल्या हातून मोकळी सुटू नये, एवढेच.