मालेगावची बदनामी आणि आपला धंदा

धंद्यानिमित्त बाहेरगावी गेलो की पहिला प्रश्न येतो, ‘कुठले आपण?’ मी मालेगाव म्हणतो. समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग हळूच विचारतो, ‘आता तिकडे शांत आहे ना?’ कापडाचा भाव तो त्यानंतर विचारतो. भिवंडीच्या व्यापारी बंधूंनाही हा अनुभव नवा नसेल.

ही बदनामी केवळ मनाला लागत नाही, ती खिशालाही लागते. इतर गावांना ३० दिवसांची उधारी देणारा एक सूत व्यापारी मला म्हणाला, ‘तुमच्या गावाला रोखीनेच.’ माझी कुठेही थकबाकी नव्हती. आता हिशेब करा. पाच लाखांचे सूत रोखीने घ्यायचे आणि त्यासाठी महिना दीड टक्क्याने पैसा उचलायचा, तर साडेसात हजार रुपये निव्वळ गावाच्या नावापायी गेले. हा भार शेवटी माग चालवणाऱ्या कारागिराच्या मजुरीवर येतो. बाजारात ज्याला साख म्हणतात आणि मराठीत पत, ती माणसाची असते तशी गावाचीही असते.

गावात काही घडलेच नाही, असे मी म्हणणार नाही. २००१ साली येथे दंगल झाली, हे खरे आहे. पण ८ सप्टेंबर २००६ चा दिवसही आठवावा. शब-ए-बरात, त्यातून शुक्रवार. बडा कब्रस्तानाजवळ बॉम्बस्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. गावाने मय्यती उचलल्या, पण दंगल होऊ दिली नाही. त्या प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. अटकेची बातमी देशभर पोहोचली होती, सुटकेची किती दुकानांत पोहोचली?

आमचे खरे काम तर कुणाला दिसतच नाही. १८५७ च्या सुमारास उत्तरेकडून मोमीन विणकर येथे आले. आधी हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. आज लाखाहून अधिक मागांच्या या गावात शुक्रवारी खडखड थांबते, एरवी रात्रपाळीतही चालू असते. पण येथे निघते ते बहुतेक ग्रे, म्हणजे कोरे कापड. ते रंगाईसाठी पाली, बालोतरा, अहमदाबादला जाते आणि तेथल्याच छापाने विकले जाते. एका दुकानदाराने ‘पालीची पॉपलीन’ म्हणून मला मोठ्या कौतुकाने थान दाखवले. वीण आणि किनार पाहून मी ओळखले की हे आमच्याकडचे कापड. थोडक्यात, आमचे कापड बिननावाने फिरते आणि बदनामी तेवढी नावानिशी फिरते.

मग उपाय काय? वाद घालून पत मिळत नाही. माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

एक, ठरलेले पिक भरा. समजा इंचाला ५२ पिक ठरले आणि ४८ विणले, तर मजुरीचे थोडे पैसे वाचतात. पण घेणारा भिंग लावून मोजतो. तो ‘अमुक शेठने फसवले’ म्हणत नाही, ‘मालेगावचा माल असाच’ म्हणतो. एकाच्या चोरीचा दंड साऱ्या बाजाराला बसतो.

दोन, पन्ना आणि मीटर पूर्ण द्या. मापात मारू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले आहे.

तीन, पक्के बिल करा आणि बँकेतून व्यवहार ठेवा. वेळेवर फेडल्याचा कागद हाती असला की उधारी मागताना आवाज चढवावा लागत नाही.

चार, गाठीवर आणि थानावर आपल्या फर्मसोबत मालेगावचे नावही छापा. गावाचे नाव आपणच लपवले, तर लोकांना ते फक्त वर्तमानपत्रातूनच कळणार.

त्या सूत व्यापाऱ्याशी मी दोन वर्षे रोखीने व्यवहार केला. तिसऱ्या वर्षी त्याने स्वतःहून १५ दिवसांची उधारी दिली. अजून १५ दिवस बाकी आहेत. तेही मिळवू.