फळ देणारा फाटा

वधस्तंभाच्या आदल्या रात्रीं ख्रिस्तानें आपल्या शिष्यांस द्राक्षवेलीचा जो दृष्टान्त सांगितला, तो योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत आहे. ख्रिस्ती कुटुंबांत तो इतक्या वेळां वाचला जातो कीं, त्यांतील माळ्याची कात्री कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. वेल म्हणजे ख्रिस्त, फाटे म्हणजे त्याचे अनुयायी आणि माळी म्हणजे देव, एवढें सर्वांस पाठ असतें. पण माळी करतो काय? फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो, आणि फळ देणाऱ्यासही मोकळा सोडीत नाहीं. अधिक फळ यावें म्हणून छाटतो. मूळ ग्रीक भाषेंत येथें योजलेल्या क्रियापदाचा अर्थ ‘स्वच्छ करणें’ असा आहे, व पुढच्याच वचनांत शिष्यांस ‘शुद्ध’ म्हटलें आहे तें त्याच धातूच्या शब्दानें. भाषांतरांत ही जुळणी लोपली, त्यास इलाज नाहीं.

नाशिककडील बागाईतदारास हा दृष्टान्त फारसा समजावून सांगावा लागणार नाहीं. पॅलेस्टाइनांत वेल हिवाळ्यांत पानें गाळून विसावते व तेव्हांच छाटली जाते. महाराष्ट्राच्या उष्ण हवेंत ती तशी विसावत नाहीं, म्हणून छाटणी वर्षांतून दोनदां. एप्रिलांतली ती खरड छाटणी, ऑक्टोबरांतली ती गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर नुसत्या काड्या वाढूं देतात. घड घ्यावयाचा नसतो. नवख्या पाहणाऱ्यास ही मेहनत फुकट वाटावी. परंतु मे-जूनच्या सुमारास त्या काड्यांच्या डोळ्यांत, बाहेरून कांहींएक न दिसतां, घडाची घडण सुरू झालेली असते. ऑक्टोबरांत छाटल्यावर तेच डोळे फुटतात आणि फेब्रुवारी-मार्चांत घड हातीं येतो. छाटणी चुकविलेली वेल कांहीं मरत नाहीं. उलट मांडवभर पसरते, हिरवीगार दिसते, आणि घड मात्र मोजके व बारीक.

आत्मिक वाढ म्हणून पुष्कळदां जें मोजलें जातें, तें असेंच पानांचें वैभव असतें. चार मंडळांचें सभासदत्व, मुखोद्गत वचनें, वर्गणीच्या यादींतला वरचा आंकडा, हें सारें चांगलेंच. पण घरांतल्या मोलकरणीशीं बोलण्याची रीत वीस वर्षांत बदलली नसेल, तर फळ कोठें आहे हें विचारावें लागेल. पौलानें गलतीकरांस लिहितांना देहाचीं ‘कर्में’ अनेकवचनीं सांगितलीं व आत्म्याचें ‘फळ’ मात्र एकवचनीं. प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंतचे नऊ गुण हे जणूं एकाच घडाचे मणी. एकट्यानें बसून ते पिकत नाहींत. सहनशीलतेस छळणारा माणूस समोर असावा लागतो.

मग फाट्यानें करावें तरी काय? त्या अध्यायाच्या चवथ्या वचनापासून दहाव्यापर्यंत ‘राहणें’ हें एकच क्रियापद मूळांत दहा वेळां आलें आहे. फळ ‘करावयाचें’ नाहीं, वेलींत राहावयाचें आहे. आणि राहणें म्हणजे आज्ञा पाळणें, असा खुलासाही तेथेंच आहे. रोजचें वाचन व प्रार्थना थोडी कां असेना, पण घाईवांचून व्हावी. आणि त्यांत जें समजलें, तें त्याच दिवशीं एखाद्या माणसाच्या बाबतींत आचरावें. त्यासाठीं कधीं एखादें चांगलें, नांवलौकिकाचें कामही सोडावें लागतें. वाळकी काडी तोडतांना कोणाला दुःख होतें? हिरवी तोडतांना होतें.

एक गोष्ट मात्र येथें सांगितली पाहिजे. शेजाऱ्याच्या घरीं मृत्यु घडला असतां ‘देवानें तुमची छाटणी केली’ असें म्हणणें, हा या दृष्टान्ताचा दुष्ट उपयोग होय. दृष्टान्तांत कात्री माळ्याच्या हातीं आहे. एका फाट्यानें दुसऱ्यावर ती चालवावी, असें त्यांत कोठेंही नाहीं.

न दिसणाऱ्या घडणीचें उदाहरण मराठींतच आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यांतील लक्ष्मीबाईंचे यजमान, कवि नारायण वामन टिळक, यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्या आपलें सोवळें घेऊनच. तें सुटलें तें कोणी हिसकावून घेतल्यानें नव्हे; जातिभेद माणसांनींच केला, हा विचार त्यांच्याच मनांत उगवल्यानें. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें त्यांच्या घरीं पोरक्या मुलांस आसरा मिळूं लागला. १९१९ सालीं टिळक वारले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरेंच होतें. शाळेंत न गेलेल्या या बाईंनीं तें पुरें केलें. ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, तेव्हां त्यांची साठी उलटून गेली होती. आपल्या त्या सोवळ्याची हकीकत त्यांत त्यांनीं स्वतःलाच हंसत सांगितली आहे.