बसून पगार घेणारी इंजिनं

लेकीकडे अमेरिकेत जाऊन आलेला माणूस नायगाऱ्यावर लिहितो. मी लिहितोय एका वीजघरावर, तेही बहुतेक वेळ बंद असणाऱ्या!

लेक मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहते. तिथं विजेचं बिल गावाच्याच वीज खात्याकडून येतं. गावांना स्वतःची वीज खाती काढायची मुभा देणारा कायदा त्या राज्यात १८९१ साली झाला. आजही चाळीसेक गावं ती चालवतात. श्रूजबरीनं १९६०च्या दशकाच्या अखेरीस पाच डिझेल इंजिनं बसवली, मिळून तेरा-चौदा मेगावॅटची. त्याआधी, ९ नोव्हेंबर १९६५च्या संध्याकाळी, कॅनडातल्या एका केंद्रातला एक रिले अवेळी ट्रिप झाला होता आणि न्यूयॉर्क-बॉस्टनसकट तीन कोटी माणसं अंधारात गेली होती.

"ही इंजिनं चालतात किती?" मी जावयांना विचारलं.

"वर्षातले अगदी थोडे तास, बाबा."

माझ्यातला बँकवाला जागा झाला. म्हणजे अनुत्पादक मालमत्ताच की! जावई हसले. तिथल्या ग्रिडमध्ये गरजेला सज्ज राहण्याचेही पैसे मिळतात. शिवाय वर्षातल्या सर्वाधिक मागणीच्या त्या एका तासाला गाव ग्रिडकडून किती वीज ओढतं, त्यावर गावाच्या वाट्याचा सज्जतेचा खर्च ठरतो. तेवढा तास ओळखून इंजिनं चालवली की पैसा वाचतो. थंडीच्या लाटेत गॅस घरं तापवण्यात जातो, तेव्हा तेलच कामी येतं. २०१७ सरताना आलेल्या लाटेत न्यू इंग्लंडनं दोन आठवड्यांत वीजनिर्मितीसाठी वीस लाख बॅरल तेल जाळलं. धूर होतो, हे खरंच. जवळच्या स्टर्लिंग गावानं २०१६ साली त्यासाठी मोठी बॅटरीच बसवली.

हे ऐकताना मला मात्र १९९१ सालचा तालुक्याचा गाव आठवत होता. मी शाखेत कर्ज विभागात. एका डॉक्टरांनी प्रसूतिगृहासाठी जनरेटरचं प्रकरण आणलं. "यातून उत्पन्न काय?" असा शेरा मारून मी ते परत केलं. पुढं पावसाळ्यात एका रात्री लाइट गेले. कंदील आणि दोन बॅटऱ्यांच्या उजेडात त्यांनी एक अडलेली बाई सोडवली. आई-मूल दोघं सुखरूप.

आठवड्यानं डॉक्टर आले. मुदतीआधी ठेव मोडायची होती, जनरेटरसाठी. नियमानुसार मी व्याज कापलं. ते एका शब्दानं बोलले नाहीत, उलट जाताना पेढे ठेवून गेले. बारशाचे होते.