घराचा आराखडा : भोर-वेल्ह्याच्या पावसात

ग्रामीण कुटुंबाच्या आयुष्यात नवे घर बांधण्याचा प्रसंग बहुधा एकदाच येतो. शेतीत यंदाचे बियाणे चुकले तर पुढच्या वर्षी ते बदलता येते. घराची भिंत चुकली तर ती नातवंडांपर्यंत सोबत करते. असे असूनही गावोगावी घराच्या खर्चाची, सिमेंटची आणि गवंड्याच्या मजुरीची जेवढी चर्चा होते, त्याच्या दहाव्या हिश्शानेही घराच्या आतील मांडणीची होत नाही. चूल कोठे असावी, गुरे कोठे बांधावीत, पावसाळ्यात ओले कपडे व सरपण कोठे ठेवावे, हे प्रश्न भिंती उभ्या राहिल्यावर सुचतात. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत तर या विलंबाची किंमत फार मोजावी लागते. (वेल्हे तालुक्यास 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, लोकांच्या तोंडी अद्याप वेल्हे हेच नाव असल्याने येथे तेच वापरले आहे.)

या दोन तालुक्यांना एकच हवामान नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. नसरापूर, कापूरहोळच्या बाजूस परिस्थिती त्याहून फार निराळी नाही. मात्र हिरडस मावळात वरंधा घाटाकडे, वेळवंड खोऱ्यात, अथवा तोरण्यापलीकडे सह्याद्रीच्या माथ्याकडे जावे तसतसा पाऊस कित्येक पटींनी वाढतो. तेथे पाऊस नुसता वरून पडत नाही. पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तो आडवा येतो. या आडव्या झडीनेच तेथील जुन्या घराचे रूप ठरविले होते.

भोर शहरातील पंतसचिवांचा राजवाडा आणि त्याच्या धर्तीवर बांधलेले लहानमोठे वाडे चौकाभोवती उभे राहिले. पश्चिमेकडील खोऱ्यांतल्या शेतकऱ्याला उघडा चौक परवडण्यासारखा नव्हता. त्याने सारा संसार एकाच उतरत्या छपराखाली घेतला. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, एका अंगाला गोठा, वर माळा आणि मागील दारी न्हाणी. भिंती दगडमातीच्या, नाही तर कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा दिलेल्या. घराचे माप चौरस फुटांत नसून खणांत होते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. वाशाची लांबी जितकी मिळेल तितकाच खण धरता येई, म्हणून खोल्यांच्या आकारावर जंगलाचीच मर्यादा असे.

या घराचे कौतुक करताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. गोठ्याची माशी माजघरात येई, चुलीचा धूर बाईच्या डोळ्यांत जाई आणि खिडकी म्हणजे वीतभर झरोका असे. परंतु त्या धुराचे एक काम होते. भाताचे बियाणे, कणगीतला दाणा, माळ्यावरचे सरपण आणि छपराचे वासे हे सर्व त्या धुराच्या उबेत चार महिने कोरडे राहत व त्यांना कीड लागत नसे. नव्या घरातून धूर जावा, हे योग्यच आहे. पण त्याने केलेले काम आता कोणी करावयाचे, याचा विचार आराखड्यात झालेला नसतो. गॅसची शेगडी आली तरी अंघोळीच्या पाण्याची चूल सुटलेली नाही, आणि चूल आहे तोवर कोरड्या सरपणाचा प्रश्न आहे.

शासकीय घरकुलाच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा १ एप्रिल २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने घेतली. तिच्यात घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले आणि त्यात स्वयंपाकासाठी स्वच्छ, स्वतंत्र जागा असावी अशी अट घालण्यात आली. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. हे क्षेत्र लहान आहे, पण निरुपयोगी नाही. ते निरुपयोगी होते ते मांडणीमुळे. एकाच साच्याचा दोन खोल्यांचा चौकोनी ठोकळा भाताच्या खाचरालगतही बांधला जातो आणि कोरड्या माळावरही. मग पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेची भिंत पाझरते, सपाट स्लॅबवर पत्र्याची शेड चढते आणि शेजारी प्लॅस्टिकच्या कागदाखाली चूल व गाय यांचा संसार थाटला जातो. घर पक्के झाले, कुटुंब मात्र अर्धे बाहेरच राहिले.

मोजमापाचे एक उदाहरण

समजा, जागेच्या पूर्वेस वाट आहे व जमीन बरीचशी सपाट आहे. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे झडीला आखूड बाजू मिळते. पूर्वेकडून दार घेऊन १२ फूट × १४ फुटांचे माजघर (१६८ चौरस फूट) आखावे. त्यामागे पश्चिमेस आठ फूट रुंदीचा पट्टा राहील. त्याच्या वायव्य भागात ८ × ९.५ फुटांचे स्वयंपाकघर (७६ चौरस फूट) आणि नैर्ऋत्य कोपऱ्यात ८ × ४ फुटांची न्हाणी (३२ चौरस फूट) बसते. एकूण २७६ चौरस फूट, म्हणजे किमान क्षेत्राची अट पूर्ण होते. आडव्या पावसाचा पहिला मार न्हाणी झेलते, जी एरवीही ओलीच असते. चूल व धुराडे उत्तरेच्या भिंतीशी ठेवल्यास नैर्ऋत्येचा वारा धूर घरात लोटीत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेने राहत्या खोलीस किमान ९.५ चौरस मीटर आणि स्वयंपाकघरास ५ चौरस मीटर क्षेत्र सांगितले आहे; वरील दोन्ही खोल्या त्याहून मोठ्या आहेत.

आता या घराचे खरे अंग राहिले, ते म्हणजे पुढची ओसरी आणि मागची पडवी. यांना 'जादा बांधकाम' समजण्याची चूक नेहमी होते. पावसाळ्यात पाहुणा बसतो, भात पाखडले जाते, मूल अभ्यास करते, इरले टांगले जाते ते ओसरीत. मागची पडवी सरपण व अवजारे ठेवते आणि पश्चिमेच्या भिंतीवर छत्री धरते. मंजूर रकमेत या दोन्ही गोष्टी बसत नाहीत, हे खरे. मैदानी भागासाठी योजनेचे मूळ साहाय्य एक लाख वीस हजार रुपये आहे. शौचालयाचे बारा हजार आणि रोजगार हमीतील मजुरी त्याखेरीज. म्हणून पडवी तीन वर्षांनी बांधा, पण तिची जागा आजच्या नकाशात ठेवा, एवढाच आग्रह धरता येतो.

ही जागा जमिनीवर जशी ठेवावी लागते तशी उंचीतही ठेवावी लागते. कौलांच्या छपरास दोन फुटांना एक फूट उतार धरला, तर सहा फूट रुंद पडवीचे छप्पर तीन फूट खाली येते. पडवीच्या बाहेरच्या कडेस माणूस उभा राहावा म्हणून सहा फूट उंची हवी. अर्थात मूळ भिंत वळचणीपाशी नऊ फूट असली पाहिजे. सात-साडेसात फुटांवर भिंत थांबविली की पुढे कोणतीही पडवी वाकूनच जावे लागेल अशी होते. गवंड्याला हा हिशेब ठाऊक असतो; त्याला कोणी विचारीत नाही.

उजेडाविषयी थोडेसे. दमट हवामानात खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या सहाव्या हिश्शाइतके असावे, असे संहिता सांगते. १६८ चौरस फुटांच्या माजघरास या हिशेबाने २८ चौरस फूट, म्हणजे साडेतीन फूट × चार फुटांच्या दोन खिडक्या लागतात. एक ओसरीत उघडावी, दुसरी उत्तरेस रुंद वळचणीखाली. पश्चिमेस मोठी खिडकी काढून मग ती जून ते सप्टेंबर गोणपाटाने बुजविण्यात अर्थ नाही. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून दोन फूट तरी दूर असाव्यात आणि त्यांच्यावरून घराभोवती अखंड काँक्रीटची पट्टी फिरावी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या भागापासून फार दूर झालेला नाही.

गोठ्याबाबत जुन्या माणसांशी वाद होतो. जनावर डोळ्यांसमोर हवे, रात्री बिबट्याची भीती असते, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. तेव्हा गोठा लांब न नेता घराच्या उत्तरेस पाच-सहा फूट सोडून स्वतंत्र छपराखाली घ्यावा आणि ओसरीतून तो दिसेल अशी व्यवस्था करावी. मूत्राची नाली उताराच्या बाजूस, विहिरीपासून दूर काढावी. शौचालयाचे दोन शोषखड्डेही विहिरीपासून निदान १५ मीटर अंतरावर व तिच्या खालच्या अंगास असावेत. पावसाळ्यात येथे भूजल हातभर खोलीवर येते, त्यामुळे हे अंतर अधिक ठेवता आल्यास उत्तम.

जमीन आधी, नकाशा नंतर

धरणांमुळे या भागात अनेक गावांना घरे नव्याने बांधावी लागली आहेत. वेळवंडीवरील भाटघर १९२८ साली पूर्ण झाले. पुढे आंबीवरील पानशेत, मोसेवरील वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. काठची सपाट जमीन पाण्याखाली गेली की वस्ती वर उताराकडे सरकते. उतारावर जागा सपाट करताना डोंगराची बाजू कापून तीच माती पुढे टाकली जाते. अशा जागेवर अर्धे घर कापलेल्या घट्ट मुरमावर आणि अर्धे भरावावर आले, तर ते दोन वेगवेगळ्या गतींनी खचते व मध्ये भेग पडते. घराचा पाया पूर्णपणे कापलेल्या जमिनीवर घ्यावा. भरावावर फार तर अंगण ठेवावे. डोंगराकडच्या बाजूने पाणी वळविणारा चर घरापेक्षा आधी खणावा. जोते दीड फुटापेक्षा कमी नसावे. पश्चिम भागात अडीच फूट ठेवल्यास बरे.

याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला व १५१ माणसे दगावली. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवे गाव वसविण्यात येऊन एप्रिल २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. घरे नेटकी व मजबूत होती. तरीही त्याच वर्षीच्या पहिल्या जोरदार पावसात भरावाची माती खचली व रस्ते-गटारांची दुरुस्ती करावी लागली. खोल्यांचा आराखडा उत्तम असूनही जमिनीचा आराखडा मागे राहिला की काय होते, ते तेथे दिसले.

आखणी कोणी करावी

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ अन्वये बांधकामापूर्वी पंचायतीची परवानगी लागते. हा अर्ज केवळ शिक्क्यापुरता न राहता सल्ल्याची संधी ठरावा. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. मिळाली असल्यास ती हाती घेऊन हद्द निश्चित करावी. शेजाऱ्याच्या अंगणात पागोळ्या पडल्याने निर्माण झालेली भांडणे दिवाणी न्यायालयापर्यंत गेल्याची उदाहरणे कोणत्याही तालुक्यात सापडतील. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने 'पहल' या नावाने प्रदेशवार घरांच्या नमुन्यांचे संकलन केले आहे. पंचायत समितीच्या अभियंत्यांनी ते ग्रामसभेत दाखविल्यास बरीच मदत होईल. हप्ते कामाच्या टप्प्यांनुसार मिळतात, म्हणून मांडणीतील बदल पाया खणण्यापूर्वीच व्हावयास हवेत.

कागदावरचा नकाशा सर्वांना वाचता येत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे फक्कीने जमिनीवर प्रत्यक्ष मापाचे घर आखणे. त्यात खाट, पेटी, कणगी व पाण्याचे पिंप आणून ठेवावे आणि घरातील बाईने चुलीपासून न्हाणीपर्यंत, दारापासून गोठ्यापर्यंत चालून पाहावे. योजनेत घर पत्नीच्या अथवा दोघांच्या संयुक्त नावे मंजूर होते, तेव्हा आखणीत तिचे मत घेणे हा उपकार नव्हे. शाळेतील शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून असे एक घर मैदानावर आखून घेतल्यास क्षेत्रफळाचा धडाही होतो.

आणखी एक गोष्ट या दोन तालुक्यांत विशेष आढळते. अनेक घरांतील तरुण मंडळी नोकरीधंद्यासाठी मुंबई-पुण्यास असतात. वर्षाचे अकरा महिने घरात दोन वृद्ध माणसे आणि होळी, गणपती वा यात्रेला पंधरा. यासाठी शयनगृहांच्या चार लहान खोल्या काढणे हा पैशाचा अपव्यय होय. त्या बंद राहून ओलीने कुजतात. एक मोठे माजघर आणि लांब ओसरी हे काम अधिक चांगले करते. वृद्धांसाठी मात्र न्हाणी व शौचालयाकडे जाणारी वाट छपराखालून आणि पायरीविना असावी. भावांची वाटणी पुढेमागे होणार असेल तर ओसरीला दुसरे दार आणि उत्तरेच्या भिंतीशी दुसऱ्या चुलीची जागा आजच धरून ठेवावी. हा विषय घरात काढणे अप्रिय वाटते, तथापि नंतर माजघराच्या मधोमध भिंत घालण्यापेक्षा ते खचितच सोपे आहे.