सुरक्षित क्रेडिट कार्ड

सुरक्षित क्रेडिट कार्ड हे बँकेतील मुदत ठेव तारण ठेवून दिले जाणारे क्रेडिट कार्ड होय. पतइतिहास किंवा नियमित उत्पन्नाचा पुरावा नसलेल्या अर्जदारांना भारतातील अनेक बँका असे कार्ड देतात. त्याची पतमर्यादा ठेवीच्या रकमेवर ठरते. ठेव बँकेकडे अडकून राहत असली, तरी तिच्यावरील व्याज ग्राहकाला मिळत राहते.

विनातारण मर्यादेकडे संक्रमण

परतफेडीची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे जाते. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. देयक वेळेवर भरल्यास आणि मर्यादेचा अल्प भागच वापरल्यास तो सुधारण्यास मदत होते. केवळ किमान रक्कम भरणारा ग्राहक थकबाकीदार ठरत नाही. परंतु उरलेल्या रकमेवर व्याज चढते व मर्यादेचा वापर अधिक दिसतो.

चांगल्या नोंदीमुळे ग्राहकास विनातारण मर्यादेचा हक्क प्राप्त होत नाही. तारण उरत नसल्याने बँक उत्पन्न व पतइतिहास तपासून निर्णय घेते. मंजूर मर्यादा मूळ ठेवीपेक्षा अधिक असू शकते. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीविना मर्यादा वाढवता येत नाही. नवे कार्ड स्वतंत्रपणे मिळाले असल्यास, जुन्या कार्डाची थकबाकी फेडून ते बंद केल्यानंतरच ठेव मोकळी होते.