टपालाच्या तिकिटांवरील राजप्रतिमा व तिचें मूळ

जुनें दप्तर चाळतांना मोडी कागदांच्या जोडीला टपालाचे लखोटेही निघतात. पत्र ठेवावें आणि लखोटा टाकून द्यावा, हा प्रघात संग्राहकांनीं आतां सोडावा. लखोट्यावरील राजाचा मुखवटा कोठून आला व कोठें छापला, एवढें कळलें तरी कागदाचा काळ ठरविण्यास साहाय्य होतें.

हिंदुस्थानचीं तिकिटें १८५५ पासून लंडनची डी ला रू कंपनी छापीत असे. १९२५ सालीं नाशिकरोड येथें सरकारी मुद्रणालय उभें राहिलें व १९२६ पासून तें काम तेथें होऊं लागलें. ओझरकडील संग्राहकांस हें स्थळ अगदीं घरचें आहे. पंचम जॉर्जचा मुखवटा तोच राहिला. बदललें तें कागदांतील जलचिन्ह. लंडनच्या छपाईंत एका तिकिटास एक तारा असे, नाशिकच्या कागदांत ताऱ्यांची दाट पेरणी आली. तारीख पुसलेल्या लखोट्यावर असें तिकीट असेल तर तो १९२६ पूर्वींचा नव्हे, हें निश्चित.

आतां मुखवट्याविषयीं. व्हिक्टोरिया राणी वृद्ध झाली तरी हिंदी तिकिटांवर ती तरुणच राहिली होती. १८९५ च्या दोन, तीन व पांच रुपयांच्या तिकिटांवर मात्र फॉन आंजेली या चित्रकारानें १८८५ त काढलेल्या चित्रावरून तिचें उतारवयांतील रूप घेतलें. चित्र असो वा छायाचित्र, त्यांत उजेड व सावली सलग असतात. धातूच्या ठशावर शाई एक तर लागते किंवा लागत नाहीं. म्हणून गालाची छटा खोदणाऱ्यास रेषांनींच दाखवावी लागते, तीही नखाएवढ्या जागेंत. इंग्लंडांत १९११ सालीं डौनी यांच्या छायाचित्रावरून केलेला पंचम जॉर्जचा मुखवटा खुद्द राजासही रुचला नाहीं. त्याच वर्षींच्या हिंदी रुपयावर राजाच्या वस्त्राभूषणांतील हत्ती असा उमटला कीं लोकांस तो डुक्कर वाटला. ओरड झाली आणि १९१२ त ठसा सुधारावा लागला. यांत कोणाची खोडी होती असें आम्हांस वाटत नाहीं. लहान जागेंत आकार बिघडला, इतकेंच.

रंगीत चित्राचें छायाचित्र घेण्यांतही धोका आहे. जुन्या कांचपट्ट्यांस तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे, निळा मात्र फिकट पांढरा येई. तांबडी पगडी त्यामुळें काळी भासते. अशा छायाचित्रावरून वस्त्रांचा रंग सांगणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. शिवाय तैलचित्राच्या रोगणावर उजेड चकाकतो. तो दोहों बाजूंनीं तिरपा सोडावा लागतो.

१९५२ च्या संतकवींच्या मालेपासून नाशिकला फोटोग्राव्ह्यूर पद्धति सुरू झाली. तींत छायाचित्र बारीक जाळींतून तांब्याच्या रुळावर उतरवितात व सावलीच्या मानानें खळगे कमीअधिक खोल होतात. याच पद्धतीनें १७ एप्रिल १९६१ रोजीं शिवछत्रपतींचें तिकीट निघालें. इंग्रज राजा छायाचित्रकारापुढें बसूं शकत होता. महाराजांच्या बाबतींत चित्रांवांचून अन्य आधार नाहीं, आणि चित्राची निवड हाच मोठा प्रश्न. इब्राहिमखानाचें चित्र महाराजांचें म्हणून दीर्घकाळ चाललें होतें. व्हॅलेंटाइन या डच ग्रंथकाराच्या १७२४ ते १७२६ या काळांत निघालेल्या ग्रंथांतील चित्र वा. सी. बेंद्रे यांनीं पुढें आणल्यावर तें मागें पडलें. परंतु ग्रंथांतील चित्र हीही मूळ चित्राची खोदीव नक्कलच. तिचें छायाचित्र, त्यावर कलावंताचा हात, मग रूळ, अशा पायऱ्या पडल्यावर नाकाडोळ्यांची ठेवण तिकिटावरून सिद्ध करूं जाणें व्यर्थ होय.

कोणतें तिकीट कोणत्या पद्धतीचें, हें साध्या भिंगानें कळतें. १९३७ च्या षष्ठ जॉर्जच्या गालावर रेषा दिसतात. १९६१ च्या तिकिटावर जाळीचे सूक्ष्म कण. संग्रहाच्या वहींत तिकिटाच्या सालाखालीं ही नोंद आणि मूळ चित्र ठाऊक असल्यास त्याचें नांव लिहावें.